नव्या शाळेआधी एक तरी ओळखीचा चेहरा हवा : सोलापुरात नव्यानं आलेल्या मुलांसाठी काय करता येईल?

विजापूररोड_नवी | २ मे

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झाली म्हणून एप्रिलअखेर आम्ही नाशिकहून सोलापूरला आलो. मुलगा सव्वासात वर्षांचा आहे. जूनमध्ये दुसरीत जाईल. शाळेत प्रवेश झाला, गणवेश शिवायला टाकला, पुस्तकं आली. माझी काळजी वेगळीच आहे.

नाशिकला तो बालवाडीत जायला लागला तेव्हा पहिले दोन महिने वर्गात कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. एवढंच नाही, दप्तर पाठीवरून उतरवायचाच नाही. बाकावर बसायचा तो दप्तर पाठीवर घेऊनच, जणू आत्ता उठून घरी जायचंय. हे मला कळलं थेट दिवाळीच्या सुट्टीआधी, बाईंनी सांगितलं तेव्हा. घरी तो छान बोलायचा, म्हणून मी निर्धास्त होते. ती गोष्ट अजून मनातून जात नाही. पुढं दोन मित्र झाले आणि सगळं सुरळीत झालं, पण आता ते दोघं नाशिकला राहिले.

शाळा सुरू व्हायला सहा आठवडे आहेत. इथं आम्ही कुणालाच ओळखत नाही. एवढ्या दिवसांत मी काय करू शकते?

शेंगापोळी | २ मे

सोलापुरात स्वागत. आधी एक साधी गोष्ट सांगते. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ ला टेकतो. दुपारी गॅलरीतून डोकावलात तर गल्लीत चिटपाखरू दिसणार नाही आणि तुम्हाला वाटेल, इथं मुलंच नाहीत. साडेसहाला खाली उतरा. सगळी पोरं तेव्हाच बाहेर पडतात आणि रात्री साडेआठ-नऊपर्यंत हाका मारूनही घरी येत नाहीत. पहिले चार दिवस तुम्ही स्वतः खाली बसा. मुलाला 'जा, खेळ' म्हणू नका. नुसतं शेजारी बसू द्या.

आणि नळाला पाणी यायचा दिवस चुकवू नका. आपल्याकडं पाणी रोज येत नाही हे एव्हाना कळलं असेलच. त्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या बायका खाली असतात, आणि त्यांच्या मागं पोरं. माझ्या इथल्या निम्म्या ओळखी पाण्याच्या दिवसानं करून दिल्यात.

कन्नाचौक | ३ मे

ताई, तुम्ही फार विचार करताय असं वाटतं. आम्ही चाळीत वाढलो, आम्हाला कुणी मित्र जमवून दिले नाहीत. मुलं आपोआप मिसळतात. आठ दिवस रडतील, नवव्या दिवशी घरी यायला नको म्हणतील.

निवृत्त_बाई | ३ मे

कन्नाचौक, तुमच्या चाळीत दारं उघडी होती आणि जिन्यावर वीस पोरं होती. मित्र जमवून द्यायचं काम ती चाळच करत होती. फ्लॅटमध्ये ते काम आईबापांवर येतं. त्यात लाज नाही आणि अति लाडही नाही.

मी पूर्व भागात प्राथमिक शाळेत ३४ वर्षं शिकवलं. मिसळणारी पोरं मिसळतात, हे खरं. न मिसळणारी मागच्या भिंतीला टेकून बसतात. ती त्रास देत नाहीत, म्हणून वर्गाच्या गडबडीत दिसतच नाहीत. विजापूररोड ताई, तुमच्या नाशिकच्या बाईंनाही ते दोन महिने दिसलं नसेल. चाळीस-पन्नास पोरांत दप्तर पाठीवर असलेलं एक पोर सहज सुटतं. म्हणून पहिल्याच दिवशी जाऊन नव्या वर्गशिक्षिकांना ही दप्तराची गोष्ट जशीच्या तशी सांगा. 'मुलगा लाजाळू आहे' असं सांगू नका, ते प्रत्येक आई सांगते आणि कुणाच्या लक्षात राहत नाही. 'दप्तर काढलं का ते बघा' हे लक्षात राहतं.

आता मित्रांचं. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलायची. कापड गिरण्या आणि मागांच्या कामासाठी ज्यांचे पणजोबा तेलंगणातून इथं आले, त्यांची ही मुलं. काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू, आणि शाळा मराठी. पहिलीत आलेल्या एका मुलीनं महिनाभर तोंड उघडलं नाही. मी गोष्टी सांगून पाहिल्या, गाणी म्हणून पाहिली. काही उपयोग झाला नाही. मग एक दिवस तिला आणि तिच्या शेजारणीला खडूचा डबा दिला आणि सांगितलं, अख्खे वेगळे करा, तुकडे वेगळे करा. दोघी फरशीवर बसल्या. दहा मिनिटांनी पाहते तर ती शेजारणीच्या हातातला खडू काढून घेत म्हणत होती, "हा तुकडा." पहिला मराठी शब्द. गाण्यानं आला नाही, भांडणानं आला.

तेव्हापासून मी एकच धरलं. दोन मुलांना समोरासमोर बसवून 'बोला' म्हटलं की ती मुकी होतात. दोघांच्या हाताला मिळून एक काम दिलं की तोंड आपोआप सुटतं. शेंगा सोलायला बसवा, कुंड्यांना पाणी घालायला सांगा, पतंगाला शेपूट लावू द्या, काहीही चालेल.

एक अभ्यास ट्रेनिंगमध्ये शिकले होते, तो कायम उपयोगी पडला. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेनं १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले. मूल आधी नुसतं बघतं, मग दुसऱ्याच्या शेजारी बसून आपलं आपलं खेळतं, मग एकमेकांच्या वस्तू घेत-देत खेळतं आणि शेवटी सगळ्यांबरोबर नियमानं खेळतं. तिनं हे बालवाडीच्या वयाबद्दल मांडलं, पण नव्या जागी गेलेलं सात वर्षांचं मूलही त्याच पायऱ्या पुन्हा चढतं, भराभर चढतं एवढाच फरक, हा माझा स्वतःचा अनुभव. तुमचा मुलगा कठड्याला टेकून बघत उभा राहिला तर ते खेळणंच आहे, त्याला मागून ढकलू नका.

अक्कलकोटवाली | ४ मे

बाई, खडूच्या डब्यानं डोळ्यांत पाणी आणलं. मी स्वतः पाचवीत अक्कलकोटहून सोलापूरच्या शाळेत आले. घरात कन्नड, मराठी मोडकंतोडकं. वर्गात उच्चार चुकला की पोरी हसायच्या, म्हणून मी बोलायचंच बंद केलं होतं. एकीनं मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली कडक भाकरी मागितली. तिच्या घरी चपात्याच असायच्या. रोज अर्धी भाकरी तिला, अर्धी चपाती मला. तिच्या लेकीच्या बारशाला पाळण्याची दोरी मी धरली होती.

म्हणून माझ्या पोरांना मी उलट बाजूनं शिकवलंय. गल्लीत नवीन कुणी आलं तर आधी आपलं नाव सांगायचं, मग त्याचं विचारायचं, आणि लगेच काहीतरी दाखवायला न्यायचं. मांजरीची पिल्लं, सायकल, काही असेल ते. नवीन आलेल्यानंच पुढं व्हावं अशी अपेक्षा आपण का करतो? ज्यांचं अंगण त्यांनी बोलवायचं.

विजापूररोड_नवी | ११ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांचं सांगते.

पहिले तीन दिवस साडेसहाला खाली जाऊन बसलो. मुलं लगोरी खेळत होती. हा माझ्या साडीचा पदर धरून उभा. बाईंनी सांगितलं होतं म्हणून मी गप्प राहिले, नाहीतर मी नक्की म्हटलं असतं, 'जा ना रे'. चौथ्या दिवशी चेंडू घरंगळत आमच्यापाशी आला. यानं उचलला आणि दोन्ही हातांत धरून उभाच राहिला, परत देईना. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा धावत आला आणि म्हणाला, "खेळाय येतो का बे?" याचा चेहरा एवढासा झाला. माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "आई, तो रागावला का?"

मलाही क्षणभर तसंच वाटलं. नाशिकला 'बे' म्हटलं की भांडणच. मी म्हटलं, तसं वाटत नाही, हसतोय तो. तोवर त्या मुलानं ठरवूनही टाकलं होतं. मागं वळून ओरडला, "ह्यो कच्चं लिंबू हाय आपल्यात!" आणि हा गेला. पंधरा मिनिटं नुसता इकडून तिकडं पळत होता, चेंडूला एकदाही हात लागला नाही. घरी येऊन तीन वेळा सांगितलं, "मी कच्चं लिंबू होतो."

शेंगापोळी | ११ मे

वा! 'बे' ची भीती काढून टाका. आपल्या सोलापुरात 'का बे' म्हणजे जवळीक. अनोळखी माणसाला कुणी 'बे' म्हणत नाही. त्याला तुमच्या मुलाला 'बे' म्हणावंसं वाटलं, म्हणजे त्यानं त्याला गड्यात धरलं. मुलाला सांगून ठेवा की हा शब्द मित्रांसाठी आहे, बाईंशी आणि मोठ्यांशी बोलताना नाही. मुलांना हा फरक आपल्यापेक्षा लवकर कळतो.

आणखी एक, इथं 'काय करतोयस' ऐवजी 'काय करलालास' ऐकू येईल. घाबरू नका. दिवाळीपर्यंत तोही तसंच बोलेल.

पार्क_मैदान | १२ मे

कच्चं लिंबू! आपल्या खेळांत ही किती चांगली सोय आहे बघा. नव्या किंवा लहान भिडूला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर डाव येऊ द्यायचा नाही. चुकलं तरी तो आऊट नाही. शाळेतही पहिले पंधरा दिवस नव्या मुलाला असंच ठेवलं पाहिजे.

होटगीरोड | १८ मे

माझी मुलगी पहिलीत जाणार आहे, तिचंही इथंच विचारते. एका शाळेत प्रवेशाआधी मुलीची 'भेट' ठेवली होती. आत आम्हाला सोडलं नाही. रंग, आकडे, इंग्रजी कविता विचारल्या. ती रडत बाहेर आली. तिला प्रवेश दिला नाही. आता दुसरीकडं झालाय, पण शाळेचं नाव काढलं की ती म्हणते, "परत विचारतील." काय करू?

पार्क_मैदान | १८ मे

ताई, तुमच्या मुलीची काही चूक नाही हे तिला आणि स्वतःला आधी सांगा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणं प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी परीक्षा घेता येत नाही. 'भेट' म्हटलं तरी ती परीक्षाच. लेखी तक्रार गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडं करता येते. पण तो तुमचा लढा, मुलीसमोर त्याची चर्चा नको.

दुसरीकडून बदलून येणाऱ्यांसाठीही सांगतो. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हेही त्याच कायद्यात कलम ५ मध्ये आहे. दाखल्यासाठी पोर जुलैपर्यंत घरी बसलं तर तोवर वर्गातल्या जोड्या जमलेल्या असतात.

निवृत्त_बाई | १९ मे

होटगीरोड, तिला शाळेत न्या, पण शाळा बंद असताना. शिपायांना किंवा मुख्याध्यापकांना विचारून संध्याकाळी नुसतं पटांगणात फिरवून आणा. नळ कुठं, शौचालय कुठं, वर्ग कुठला, घंटा कुठं टांगलीय. घंटा वाजवू दिली तर फारच छान. कुणीही काही न विचारता ती तिथून हसत परत आली पाहिजे. एकदा नाही, दोन-तीनदा.

जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारी मेळावे होतात, 'पहिले पाऊल' या अभियानात. मुलं आईबरोबर येतात आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात उड्या, चित्रं, मणी ओवणं असलं करतात. मी नोकरीच्या शेवटच्या काळात हे मेळावे घेतलेत. मुलं शिकतात किती हे सोडा. जूनमध्ये पहिल्या दिवशी त्यातली दोन मुलं एकमेकांकडं बोट दाखवून म्हणतात, "ही तिथं होती." त्यासाठी मेळावा हवा. तुमची शाळा खासगी असली तरी पाच-सहा आयांनी मिळून किल्ल्याच्या बागेत किंवा संभाजी तलावावर एक संध्याकाळ जमायला काय हरकत आहे? शाळेतून यादी मिळणार नाही, पण गणवेशाच्या दुकानात, पुस्तकांच्या रांगेत विचारा : कुठली शाळा, कितवी?

रिक्षावाला_मामा | २१ मे

ताई लोक, मी पंधरा वर्षं झाली शाळेची पोरं सोडलालो. पोरगी माझी टाइप करून देते, म्हणून लिहितो.

पोरांची खरी दोस्ती रिक्षात होते. वर्गात बाई गप्प बसा म्हणते, रिक्षात कोण म्हणत नाही. तुम्ही रिक्षा लावणार असाल तर जूनच्या आधी लावा. मी नवीन पोराला शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा संध्याकाळी रिक्षात बसवून सगळ्या पोरांच्या घरावरून चक्कर मारतो. पैसे नाही घेत. ह्याचं घर हे, त्याचं घर ते. पोराला कळतं आपल्यानंतर कोण चढणार. पहिल्या दिवशी रडणारं पोर माझ्या रिक्षात कमीच, कारण त्याचं सगळं ध्यान पुढच्या स्टॉपवर असतं.

आणि आयांनो, रिक्षा सुटताना मागं धावू नका. हात करा, आत जा. तुम्ही फाटकात उभं राहून डोळं पुसता ते पोरगं मागच्या काचेतून बघतंय. एकदा एक पोरगं मला म्हणालं, मामा, आई रडली म्हणजे शाळेत कायतरी वाईट असणार.

कन्नाचौक | २१ मे

मामा, हे वाचून गप्प बसलो. माझा धाकटा गेल्या वर्षी पंधरा दिवस रडायचा आणि मी रोज फाटकाशी अर्धा तास उभा राहायचो. वर लिहिलेलं 'आपोआप' मागं घेतो.

सातरस्ता_आई | २६ मे

धाग्यात थोडं गंभीर लिहिते, कारण हे मला कुणी वेळेवर सांगितलं नाही. माझी मुलगी घरी धबधब्यासारखी बोलायची, शाळेत मात्र पहिलीचं अख्खं वर्ष एक शब्द नाही. हजेरीलाही 'हजर' म्हणायची नाही, हात वर करायची. आम्ही लाजाळू आहे म्हणत राहिलो. नातेवाईक हट्टी म्हणाले. दुसरीत मुलांच्या डॉक्टरांनी समुपदेशकांकडं पाठवलं तेव्हा कळलं की हा हट्ट नाही, चिंतेचा एक प्रकार आहे. तिला बोलायचं असतं, पण त्या जागी आवाजच निघत नाही. घरी नीट बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त गप्प राहिलं, तर दाखवून घ्यावं. शाळेचा अगदी पहिला महिना मात्र त्यात धरत नाहीत, तेवढा वेळ सगळ्याच मुलांना लागू शकतो.

आमच्याकडं उपाय अगदी हळू झाला. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आधी फक्त मी आणि ती. मग एक मैत्रीण. मग दारात बाई. मग बाई आत. मधल्या काळात 'बोल ना, बाईंना सांग ना' हे कुणीही म्हणायचं नाही, हे सगळ्यात अवघड होतं. आज ती सहावीत आहे आणि वक्तृत्वात नाही, पण वर्गात बोलते.

विजापूररोड_नवी | २७ मे

सातरस्ता ताई, तुम्ही लिहिलंत याबद्दल खूप ऋणी आहे. माझा मुलगा त्या दोन महिन्यांत कदाचित त्याच वाटेवर होता. जुलैत लक्ष ठेवेन.

आमची प्रगती : लगोरीतला तो आठ वर्षांचा मुलगा याच्याच शाळेत आहे, तिसरीत! पाण्याच्या दिवशी त्याच्या आईकडूनच कळलं. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात. हा आता घरी येऊन आम्हाला 'रा, रा' म्हणतो. 'ये' ला तेलुगूत 'रा' म्हणतात म्हणे. परवा दोघांना मिळून गच्चीवर कुरडया वाळत घालायचं काम दिलं. अर्ध्या त्यांनी ओल्याच खाल्ल्या. बाई, तुमच्या खडूच्या डब्याची आठवण झाली.

त्या मित्रानं शाळेतल्या गोष्टी सांगितल्या, त्या मला कधीच कळल्या नसत्या. पिण्याच्या पाण्याच्या तीन नळांतला मधला बिघडलेला आहे. मधल्या सुट्टीत कडुलिंबाखाली तिसरीची पोरं बसतात, दुसरीची व्हरांड्यात. शौचालयाला जायचं असेल तर करंगळी वर करायची. यावर मुलाचा पहिला प्रश्न : "बाई मागं बघत असल्या तर?" मित्र म्हणाला, "मग जवळ जायचं बे, टेबलाला हात लावायचा." हे दोघांनी आमच्या स्वयंपाकघरात करून पाहिलं. मी बाई, ओटा टेबल. नव्या पँटचं बटण याला एका हातानं निघत नाही हेही तेव्हाच कळलं. शिंप्याकडून बदलून इलॅस्टिक लावून आणलं. डब्याची क्लिपसुद्धा फार घट्ट निघाली, दुसरा डबा घेतला.

निवृत्त_बाई | २८ मे

बटण आणि डबा! कित्येक मुलं मधल्या सुट्टीत उपाशी राहतात कारण झाकण उघडत नाही आणि कुणाला सांगवत नाही. सगळ्यांनी आजच घरी तपासा.

झोपेचंही बघा. २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. पण सुट्टीत रात्री बारापर्यंत जागणारं मूल ९ च्या शाळेलाही पेंगतंच, आणि पेंगुळलेलं मूल मैत्री करत नाही, किरकिर करतं. जूनच्या पहिल्या तारखेपासून रोज थोडं थोडं अलीकडं आणा.

विजापूररोड_नवी | १६ जून, रात्री

आज शाळा सुरू झाली. काल मामांची चक्कर झाली. (मामा, तुम्ही आमच्या रस्त्याला नसूनही आमच्या रिक्षावाल्यांशी फोनवर बोललात, हे विसरणार नाही.) सकाळी मी बाईंना दप्तराची गोष्ट सांगितली. त्यांनी वहीत लिहून घेतली.

रिक्षा सुटली, मी हात केला आणि आत आले. आत आल्यावर रडले.

दुपारी बाईंचा मेसेज आला : "दप्तर बाकाखाली." एवढे दोनच शब्द.

वर्गात तो कुणाशी बोलला नाही. विचारलं तर म्हणाला, "उद्या." मधल्या सुट्टीत तिसरीतला मित्र व्हरांड्यात येऊन त्याला बघून गेला म्हणे. खेळले नाहीत. बघून गेला.

होटगीरोड | २० जून

आमच्याकडं अजून रडारड चालू आहे. पटांगण दाखवलं होतं, दोन मुलींशी बागेत ओळखही झाली, पण त्यातली एक दुसऱ्या तुकडीत गेली. आज सकाळी पोट दुखतं म्हणाली.

निवृत्त_बाई | २० जून

पोट खरंच दुखतं, खोटं म्हणू नका. भीती पोटातच बसते. रोज शाळेत जायचं मात्र चुकवू नका, एक दिवस घरी ठेवलं की सोमवार पुन्हा पहिल्यापासून.

तिला तिच्या बाईंचं नाव माहीत आहे का?

होटगीरोड | २० जून

नाही. ती 'टीचर' एवढंच म्हणते. खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही.

निवृत्त_बाई | २० जून

उद्या सोडायला जाल तेव्हा दोघी मिळून विचारून या. आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीचंही.